मधला हिरा पिवळसर, बाजूचे पांढरे: अंगठीतील हिऱ्यांचा रंग जुळत नसेल तर काय तपासावे

अंगठीत तीन हिरे आहेत. मधला जी रंगाचा (हिऱ्याच्या रंगाच्या श्रेणीतले एक अक्षर), बाजूचे दोन्हीही जी रंगाचे, आणि तसे लिहिलेली प्रमाणपत्रे हातात आहेत. तरीही अंगठी बोटात घातली की मधल्या हिऱ्यावर पिवळसर झाक दिसते आणि बाजूचे दोन खडे त्याच्या शेजारी पांढरेशुभ्र वाटतात. कधी नेमके उलटे होते. कधी घेताना एकसारखे दिसलेले तिन्ही हिरे घरच्या दिव्याखाली वेगवेगळे दिसू लागतात. सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे बाजूचे खडे एकदा बदलून घेतल्यानंतरही वर्ष-दीड वर्षात तोच फरक पुन्हा डोळ्यांना खुपू लागतो.

या तक्रारीवर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे खडे बदला. हे उत्तर घाईचे आहे. हिरे वेगळे दिसण्याची निदान पाच-सहा कारणे असतात आणि त्यांतल्या मोजक्याच कारणांवर खडे बदलणे हा खरा इलाज आहे. बाकीच्या कारणांत खडे बदलले, तर खर्च होतो, कोंदणाला धक्का लागतो आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून पुढचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की ज्या तपासणीसाठी अंगठी उघडावी लागत नाही ती आधी यावी आणि खडे काढण्याची वेळ आलीच, तर ती शेवटी यावी.

प्रमाणपत्रावरचे अक्षर काय सांगते

जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, या संस्थेने १९५० च्या दशकात रूढ केलेली डी ते झेड ही श्रेणी आज जवळजवळ सर्वत्र वापरली जाते. डी, ई आणि एफ हे रंगहीन. जी ते जे हे जवळपास रंगहीन. के ते एम यांत फिकट झाक, आणि पुढे ती वाढत जाते. ही श्रेणी ठरवताना हिरा मोकळा असतो, पालथा म्हणजे वरचा सपाट पैलू खाली करून ठेवलेला असतो आणि नियंत्रित प्रकाशात, ठरलेल्या नमुना-हिऱ्यांच्या शेजारी ठेवून, कडेने पाहिला जातो. अंगठीतला हिरा मात्र आपण नेहमी वरून पाहतो. थोडक्यात, प्रमाणपत्रातील अक्षर आणि बोटातील दर्शन या दोन वेगळ्या स्थितींतल्या नोंदी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा पक्का अंदाज बांधता येत नाही.

त्यातही प्रत्येक अक्षर हा एक पट्टा असतो, एक बिंदू नव्हे. एक जी हिरा एफच्या अगदी सीमेवरचा असू शकतो आणि दुसरा एचला टेकलेला. या दोघांतला फरक कधीकधी जी आणि एच अशी वेगळी अक्षरे मिळालेल्या दोन हिऱ्यांतल्या फरकापेक्षा मोठा असतो. शिवाय वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकष सारखेच कडक असतात असे नाही, त्यामुळे मधल्या हिऱ्याचे प्रमाणपत्र एका ठिकाणचे आणि बाजूच्यांचे दुसऱ्या ठिकाणचे असेल, तर अक्षरांच्या बरोबरीला आणखी कमी अर्थ उरतो.

आणखी एक गोष्ट प्रमाणपत्रावर सहसा दिसत नाही. अक्षर झाकेची खोली सांगते, झाकेची जात सांगत नाही. नायट्रोजनमुळे येणारी झाक पिवळी असते. स्फटिकाच्या रचनेत ताण पडून आलेली झाक तपकिरी असते. काही हिरे किंचित करडे असतात. जीआयए तपकिरी झाकेचा शब्दांत उल्लेख करते तो के आणि त्याखालच्या श्रेणींत. म्हणजे आय किंवा जे रंगाचा किंचित तपकिरी हिरा आणि त्याच अक्षराचा किंचित पिवळा हिरा कागदावर जुळे असतात, पण शेजारी ठेवले की कोणालाही वेगळे दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांत हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात येतो: सीव्हीडी, म्हणजे वायूतून कार्बनचे थर साचवण्याच्या, पद्धतीने वाढवलेल्या काही हिऱ्यांत तपकिरी किंवा करडी छटा असते, तर उच्च दाब आणि उच्च तापमानाच्या पद्धतीने वाढवलेल्या काहींत बोरॉनमुळे निळसर छटा असते. अशा दोन हिऱ्यांची अक्षरे जुळली, तरी रंग जुळतीलच असे नाही.

आधी हे पाहा की फरक रंगाचाच आहे का

मराठीत आपण ‘हिऱ्याचे पाणी’ म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात रंग, पारदर्शकता आणि झळाळी सगळेच सामावलेले असते. बोलण्यात ते सुंदर आहे, पण दोष शोधताना हे तिन्ही वेगळे काढावेच लागतात, कारण ‘बाजूचे खडे जास्त पांढरे आहेत’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘बाजूचे खडे जास्त उजळ आहेत’ एवढाच असतो.

सुरुवात स्वच्छतेपासून करावी. हिऱ्याच्या पृष्ठभागाला तेल आणि चरबी सहज चिकटते, आणि मागच्या निमुळत्या भागावर साबण, क्रीम व त्वचेच्या तेलाचा थर बसला की तिथून परत फिरणारा प्रकाश घटतो. तेव्हा हिरा मंद, करडा किंवा पिवळट दिसतो. मधला हिरा उंच आणि मागून उघड्या कोंदणात असेल आणि बाजूचे खडे मागून जवळपास बंद असतील, तर दोन्हींवर मळ सारखा बसत नाही आणि काढतानाही सारखा निघत नाही. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाचे काही थेंब टाकून अंगठी अर्धा तास भिजवावी, मग मऊ ब्रशने ती मागच्या बाजूने घासावी, धुवावी आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. ध्वनितरंगांनी दागिने साफ करणारे यंत्र बारीक खडे जडलेल्या अंगठीला परस्पर लावू नये. सैल झालेला खडा त्यात निसटतो, आणि भेगा भरून काढलेल्या हिऱ्याला त्यातून इजा होऊ शकते. धुतल्यावर फरक नाहीसा झाला, तर शोध इथेच संपला.

फरक नेमका दुरुस्तीनंतर दिसू लागला असेल आणि हिरा धुऊनही धुरकट, दुधट वाटत असेल, तर एक वेगळी शक्यता ध्यानात घ्यावी. डाग देताना, म्हणजे धातूचा सांधा जोडताना, ज्योतीची उष्णता हिऱ्याला थेट लागली तर त्याचा पृष्ठभाग जळून पांढुरका होतो. म्हणूनच कारागीर आधी हिऱ्यावर बोरिक आम्लाचे लेपन करतात. असा थर साबणाने निघत नाही, हिऱ्याला पुन्हा पॉलिश करावी लागते आणि त्यात अगदी थोडे वजन कमी होते. या हिऱ्याच्या शेजारचे खडे बदलून काहीही साधत नाही.

घडणीतल्या फरकामुळेही हा भास होतो. लंबगोल, थेंबाकार आणि दोन्ही टोकांना निमुळत्या हिऱ्यांच्या मध्यावर अनेकदा बो-टाय नावाची गडद पट्टी दिसते. खालचा भाग फार उथळ किंवा फार खोल असलेला हिरा प्रकाश मागून गळू देतो आणि काळवंडलेला वाटतो. जुन्या पद्धतीचे बारीक खडे १७ किंवा १८ पैलूंचे असतात, तर आजचे पूर्ण पैलूंचे ५७ किंवा ५८. दोन्ही एकाच अंगठीत आले, तर एकाच रंगाचे असूनही त्यांची लुकलुक वेगळी असते. हे ओळखण्यासाठी अंगठी उन्हात न धरता सावलीतल्या मऊ, पसरलेल्या उजेडात आणावी आणि सावकाश डोलवावी. कोन बदलताच फरक जागा बदलत असेल, तर तो बहुधा झळाळीचा असतो. प्रत्येक कोनातून तोच हिरा पिवळा दिसत असेल, तर तो रंगाचा.

प्रकाश बदलला की रंग का बदलतो

एकाच अंगठीला तीन प्रकाशांत पाहावे: खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या थंड दिव्याखाली आणि पिवळसर उबदार दिव्याखाली. उबदार दिव्याखाली सगळेच हिरे पिवळे होतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पाहायचे ते इतकेच की हिऱ्यांमधले अंतर तिन्ही ठिकाणी सारखे राहते की नाही.

ते अंतर प्रकाशागणिक बदलत असेल, तर सर्वांत आधी प्रतिदीप्तीचा संशय घ्यावा. सुमारे २५ ते ३५ टक्के हिरे अतिनील प्रकाशात कमी-अधिक चमकतात आणि त्यांतल्या बहुतेकांची चमक निळी असते. निळा हा पिवळ्याला छेद देणारा रंग असल्यामुळे तीव्र प्रतिदीप्तीचा आय किंवा जे हिरा दिवसाच्या उजेडात स्वतःच्या अक्षरापेक्षा पांढरा दिसू शकतो. जीआयएने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणातही तीव्र निळ्या प्रतिदीप्तीचे हिरे वरून पाहताना रंगाने किंचित सरस वाटल्याची नोंद आहे. घरातल्या एलईडी दिव्यांतून अतिनील किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे तो हिरा तिथे आपल्या मूळ झाकेवर परततो, आणि शेजारचा प्रतिदीप्ती नसलेला हिरा मात्र होता तसाच राहतो. ‘घेताना जुळत होते, घरी आल्यावर बिघडले’ या तक्रारीचे हे एक प्रमुख कारण आहे. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च अंधाऱ्या खोलीत अंगठीवर धरला की कोणता खडा चमकतो ते लगेच कळते. टॉर्चकडे थेट पाहू नये, एवढी काळजी घ्यावी. बाजूचा एकच खडा निळा उजळत असेल आणि दुसरा अंधारात राहत असेल, तर ती जोडी मुळातच चुकीची निवडली गेली आहे. हे मात्र खडा बदलण्याचे खरे कारण आहे.

फोनच्या छायाचित्रावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. कॅमेरा पांढऱ्या रंगाचा समतोल स्वतःच ठरवतो आणि पार्श्वभूमीप्रमाणे तो बदलतो. छायाचित्राचा उपयोग करायचाच, तर सगळे हिरे एकाच चौकटीत, एकाच क्षणी टिपलेले हवेत.

धातूचा वाटा

पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते. पांढरे सोने हे निकेल किंवा पॅलेडियमसारख्या धातूंच्या मिश्रणाने फिकट केलेले असते, पण पूर्ण पांढरे होत नाही; त्याचा शुभ्रपणा वरच्या रोडियमच्या पातळ मुलाम्यामुळे असतो. मुलामा झिजतो, आणि सगळीकडे सारखा झिजत नाही. ज्या नख्यांनी मधला हिरा धरलेला असतो त्या सर्वांत उंच असल्यामुळे आधी घासल्या जातात, खालचे सोने उघडे पडते आणि त्याची पिवळट छाया थेट हिऱ्यात उतरते. बाजूचे खडे खोलगट जागेत असल्याने त्यांच्याभोवतीचा मुलामा टिकून राहतो. मग मधला हिरा पिवळा पडला असे वाटते. हिरा जिथला तिथेच असतो, धातू बदललेला असतो. खडे बदलताना कारागीर अंगठीला नवा मुलामाही देतो, त्यामुळे फरक तेवढ्यापुरता नाहीसा होतो, त्याचे श्रेय नव्या खड्यांना जाते, आणि मुलामा झिजला की तक्रार परत येते. म्हणून खडे काढण्याआधी केवळ मुलामा देऊन पाहावे. वारंवार मुलामा देणे नको असेल, तर फक्त मधल्या हिऱ्याच्या नख्यांचा भाग प्लॅटिनमचा करून घेणे हा टिकाऊ मार्ग आहे, कारण प्लॅटिनम मूळचाच पांढरा असतो.

पिवळ्या सोन्याच्या अंगठीत दोष उलट्या बाजूने येतो. मधला हिरा पांढऱ्या नख्यांत उंच बसवलेला आणि बाजूचे खडे पिवळ्या सोन्यात बुडवलेले असतील, तर बाजूचे खडे पिवळे दिसणारच, मग ते एफ रंगाचे का असेनात.

आकार, पैलू आणि वजन

एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा आणि जवळपास ४ मिलिमीटर खोल असतो. त्याच्याभोवतीच्या हेलो घडणीतला, म्हणजे बारीक हिऱ्यांच्या कड्यातला, १.३ मिलिमीटरचा हिरा जेमतेम ०.०१ कॅरेटचा आणि मिलिमीटरभरही खोल नसतो. मोठ्या हिऱ्यात प्रकाशाला अनेक पट लांबचा प्रवास करावा लागतो, म्हणून त्याच अक्षराची झाक मोठ्या हिऱ्यात दिसते आणि बारीक हिऱ्यात विरून जाते. त्यामुळे अक्षर सारखे ठेवले, की मधला हिरा जरा पिवळा वाटणे हे अपवाद नसून अपेक्षितच आहे.

पैलूंची रचना यात भर घालते किंवा वजाबाकी करते. गोल ब्रिलियंट घडण प्रकाशाचे इतके तुकडे करते की झाक लपते. एमराल्ड आणि ॲशर यांसारख्या, पायऱ्यांप्रमाणे लांबट पैलू असलेल्या घडणी मोकळ्या खिडकीसारख्या असतात. त्यांत झाक सरळ दिसते. कुशन आणि रेडियंट घडणी रंग धरून ठेवतात, आणि म्हणूनच गडद पिवळ्या हिऱ्यांना बहुधा याच घडणी दिल्या जातात. लंबगोल आणि थेंबाकार हिऱ्यांचा रंग टोकांकडे साठतो. तेव्हा मध्ये एमराल्ड घडणीचा आणि भोवती गोल बारीक हिरे, अशी अंगठी असेल, तर मधला हिरा आजूबाजूच्यांपेक्षा एक-दोन अक्षरे पांढरा घेतला तरच दर्शन जुळते. मध्ये गोल आणि बाजूंना थेंबाकार असतील, तर सवलत उलट्या दिशेने जाते.

माझ्या अनुभवात सर्वाधिक फसगत होते ती हेलो घडणीत. अंगठी उठून दिसावी म्हणून डी ते एफ रंगाचे अतिशुभ्र बारीक हिरे निवडले जातात आणि मध्ये जे किंवा के रंगाचा हिरा बसवला जातो. डोळा शेजाऱ्याच्या तुलनेत रंग ठरवतो. त्या शुभ्र कड्यात एरवी सुरेख दिसणारा के हिरा चक्क पिवळा होतो. बारीक हिरे मधल्यापेक्षा एक अक्षर खालचे घेतले तरी चालते, पण दोन अक्षरे वरचे घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तीन हिऱ्यांच्या अंगठीत बाजूचे हिरे मधल्याच्या निम्म्या वजनाच्या आसपास असतील, तर मात्र सवलत घेऊ नये: अक्षर तेच हवे, फार तर एकाचा फरक, आणि झाकेची जात तीच हवी.

खडे शेजारी ठेवून पाहण्याची रीत

इथपर्यंतच्या तपासण्यांत काही निष्पन्न झाले नाही, किंवा नवी अंगठी घडवायचीच आहे, तर हिरे मोकळे असताना जुळवावेत. जडलेल्या हिऱ्याचा रंग कोणालाही अंदाजाने आणि पट्ट्यातच सांगता येतो.

पांढरे, चमक नसलेले कार्ड मधोमध दुमडून त्याची पन्हळ करावी. साधा झगझगीत पांढरा कागद टाळावा, कारण त्यात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये असतात आणि ती अतिनील प्रकाशात निळसर चमकून निकाल बिघडवतात. दिवसाच्या उजेडासारखा, ५००० ते ६५०० केल्विनचा दिवा साधारण एक वीत वर ठेवावा, खोलीतले इतर दिवे मालवावेत, आणि पाहणाऱ्याच्या अंगावर गडद रंगीत कपडे नसावेत, कारण हिरा समोरचे सगळे टिपतो. हिरे पुसून, बोटांऐवजी चिमट्याने, पन्हळीत पालथे ठेवावेत. दोन हिऱ्यांत थोडे अंतर असावे. आधी निमुळत्या भागाकडे काटकोनात, मग कडेच्या रेषेत पाहावे. झळाळी आड येत असेल, तर हिऱ्यावर हलकी फुंकर घालून तो क्षणभर धुरकट करावा. त्या क्षणी निव्वळ रंग दिसतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. हिऱ्यांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा पाहावे. अनेकांच्या डोळ्यांना डावीकडचा किंवा उजवीकडचा हिरा नेहमीच थोडा गडद वाटतो; जागा बदलल्यावरही तोच हिरा गडद राहिला तरच तो खरा गडद समजावा. लांबट आकाराचा हिरा फिरवून आडवा-उभा असा दोन्ही बाजूंनी पाहावा. काही मिनिटांनी डोळे शिणतात आणि सगळेच सारखे दिसू लागते, तेव्हा थांबावे.

पालथे जुळले म्हणजे काम झाले असे नाही. आता हिरे उताणे करून, अंगठीत असतील त्याच क्रमाने आणि अंतराने, मळून मऊ केलेल्या पांढऱ्या किंवा करड्या पुट्टीत बसवावेत. कारागिरांकडचे मेण बहुधा लाल, हिरवे किंवा निळे असते आणि त्याचा रंग हिऱ्यात उतरतो, म्हणून ते या कामाला नको. ज्या धातूची अंगठी होणार त्याची एक पट्टी हिऱ्यांमागे धरावी आणि हातभर अंतरावरून, तिन्ही प्रकाशांत, पाहावे. पालथ्या आणि उताण्या निकालात विरोध आला, तर उताण्याला मान द्यावा, कारण अंगठी तशीच पाहिली जाणार आहे.

बारीक हिरे पुडीने येतात आणि पुडीवर जी-एच, आय-जे असा पट्टाच लिहिलेला असतो. ती पुडी तशीच वापरू नये. पन्हळीत सगळे ओळीने मांडले की दोन टोकांचे खडे आपोआप नजरेत येतात. ते बाजूला काढावेत आणि उरलेल्यांतला जरा गडद गट मधल्या हिऱ्याच्या लगत व फिका गट बाहेर, दांड्याकडे, अशी उतरण ठेवावी. पुडीवर अतिनील टॉर्चही एकदा फिरवावा.

खडे काढावेच लागले तर

नख्यांतला खडा सहज निघतो, बंद कोंदणातला थोड्या कष्टाने. दोन भिंतींच्या खाचेत ओळीने बसवलेल्या खड्यांतला एक काढायचा, तर भिंत उचलावी लागते आणि शेजारचे सैल होतात. धातूचे बारीक दाणे उचलून जडलेल्या खड्यांचे दाणे काढल्यावर पुन्हा तितके पक्के उभे राहत नाहीत. तिथे एकेक खडा बदलत बसण्यापेक्षा तेवढे कडे नव्याने घडवणे बरे. बाजूचे खडे फार शुभ्र असतील, तर मधला महाग हिरा बदलण्याचा विचारही करू नये. बाजूचे एक-दोन अक्षरे खाली आणावेत, किंवा मधला हिरा आणि कडे यांत धातूची बारीक रेघ सोडावी. तेवढ्या फटीनेही तुलना सौम्य होते. मधला के किंवा एल असेल, तर त्याची बैठक पिवळ्या सोन्याची केल्यास झाक धातूत मिसळते. तपकिरी झाक असेल, तर गुलाबी सोने त्याहून चांगले.

काम झाल्यावर बाजूच्या खड्यांची मिलिमीटरमधली मापे, अक्षर, झाकेची जात, प्रतिदीप्ती आणि ते नैसर्गिक आहेत की प्रयोगशाळेत वाढवलेले, हे लिहून घ्यावे. त्याच पुडीतले दोन जास्तीचे बारीक हिरेही कागदात बांधून अंगठीच्या डबीत ठेवावेत. पुढे एखादा खडा पडला, तर जुळणारा खडा शोधण्याची वेळ येणार नाही.